घरी बांधलेली मालमोटार

मोटार ही विकत घ्यावयाची वस्तू आहे, बांधावयाची नव्हे, अशी आज आपणां सर्वांची समजूत होऊन बसली आहे. घर बांधावे, विहीर बांधावी, फार तर गुरांचा गोठा बांधावा. परंतु मोटार कोणी घरी बांधतो काय, असे कोणीही सुशिक्षित गृहस्थ सहज विचारील. म्हणून अमरावतीस किंवा अकोल्यास एखाद्या तरुणाने भंगारातून जुन्या, लहानशा मालमोटारीचा सांगाडा आणून तो अंगणात विटांवर उभा केला आणि मोजक्या पैशांत तिची पुनर्रचना आरंभिली, म्हणजे शेजारीपाजारी त्याच्याकडे कौतुकाने पाहतात आणि घरातील वडील मंडळी काळजीने पाहतात. ही परदेशातून आलेली एक नवी हौस आहे, याविषयी मात्र दोघांचेही एकमत असते. आज मला आपणांस जे सांगावयाचे आहे ते याच्या उलट आहे. मालमोटारीचे अंग आपल्या गावी, आपल्या कारागिराकडून बांधून घेण्याची चाल मालमोटारीइतकीच जुनी आहे. नवी आहे ती कारखान्यातून नखशिखांत तयार होऊन येणारी गाडी.

वऱ्हाडचा इतिहास हा पुष्कळ अंशी वाहतुकीचा इतिहास आहे. येथील काळ्या जमिनीने कापूस दिला. परंतु कापूस हा माल असा की, वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य. त्यास घरी ठेवून भागत नाही आणि दूर नेणे सोपे नाही. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठी मिर्झापुरास जात असे, आणि हा प्रवास सुमारे पाचशे मैलांचा होता. १८२५-२६ च्या सुमारास मुंबईच्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे नेण्यास आरंभ केला. तेव्हाही वाहन बैलाची पाठ हेच होते. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपुरास पोचला आणि १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला. तेथून पुढे कापसाची दिशाच पालटली. तथापि आगगाडी कितीही वेगवान असली तरी ती शेताच्या बांधापर्यंत येत नाही. शेतापासून सरकीच्या कारखान्यापर्यंत आणि तेथून स्थानकापर्यंतचे अंतर पूर्वीप्रमाणेच बैलांनी तोडावयाचे होते. म्हणजे आगगाडीने बैलगाडीचे काम कमी केले नाही, वाढविले.

हे काम करणारी गाडी म्हणजे वऱ्हाडची बंडी. बसण्यासाठी दमणी, झपाट्याने जाण्यासाठी छकडा आणि मालासाठी बंडी, असे घरोघर ठरलेले असे. या गाड्या कोणत्याही कारखान्यात होत नसत. गावचा सुतार, ज्यास वऱ्हाडात वाढई म्हणतात, तो सागवान आणि बाभूळ यांतून त्या घडवी. चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठे, आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, यांत वाढई व लोहार या दोघांचे हात एकत्र येत. धाव चाकापेक्षा किंचित लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून फुगवावयाची, चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतून आवळावयाची, ही क्रिया पाहिलेल्या माणसास यंत्रशास्त्राचा पहिला धडा निराळा शिकविण्याची गरज नाही. उष्णतेने लोखंड प्रसरण पावते हे त्या लोहारास पुस्तकावाचून ठाऊक होते, आणि त्या ज्ञानावर त्याचे पोट चालत होते. मोटार वऱ्हाडात आली, ती अशा हातांच्या प्रदेशात आली, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

आता क्षणभर अमेरिकेकडे पाहू. हेन्री फोर्ड यांची टी नावाची मोटार १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. ही मोटार माणसांसाठी होती. परंतु शेतकऱ्यास दूध, धान्य आणि कोंबड्या बाजारात न्यावयाच्या होत्या. त्याने काय केले? गाडीचा मागील भाग करवतीने कापला, तेथे फळ्यांचा हौदा ठोकला आणि आपली मालमोटार आपणच तयार केली. कारखानदारास ही गोष्ट दिसावयास काही वर्षे लागली. १९२५ साली फोर्ड कंपनीने मागे हौदा बसविलेली टी मोटार स्वतःच विकावयास काढली. तिची किंमत २८१ डॉलर होती. मागे उघडझाप होणारा फाळका होता, बाजूंस खुंटे रोवण्यासाठी चार खोबणी होत्या, आणि मागील पाटे अधिक भक्कम केलेले होते. आज जिला आपण पिकअप म्हणतो तिची कारखान्यात जन्मलेली पहिली पिढी ती ही. परंतु तिचा खरा जनक कारखाना नव्हे. पैशाची चणचण असलेल्या शेतकऱ्याने आपल्या खळ्यात जी गाडी बांधली, तिची ती नक्कल होती.

आपल्याकडे हाच प्रकार उलट्या क्रमाने घडला. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे जोडले जात. मालमोटारीच्या बाबतीत खरेदीदारास बहुधा सांगाडाच मिळे. कारागीर ज्यास चासी म्हणतात तो हा सांगाडा. त्यावर इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढचा पत्र्याचा पडदा एवढेच. चालकाची खोली नाही, हौदा नाही, फाळका नाही. सांगाडा मुंबईहून आणावयाचा तर चालकाने लाकडी पेटीवर बसून, ऊन-वारा खात तो चालवीत आणावयाचा, ही पद्धत देशभर पुढे कित्येक दशके चालू राहिली. यात कोणाची गैरसोय पाहण्याचा प्रश्न नव्हता. हिशेब सरळ होता. पोकळ हौदा जहाजातून आणणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. लाकूड येथे होते, हात येथे होते, आणि कोणता माल वाहावयाचा हे मालकासच ठाऊक होते.

म्हणून सांगाडा गावी आला की तो वाढयाच्या दारी उभा राही. हिंदुस्थानातील अन्य प्रांतांत जे घडले तेच वऱ्हाडातही घडले. बंडी घडविणाऱ्या हातांनी मालमोटारीचे अंग घडविले. सागवानी चौकट, तीवर फळ्या, कोपऱ्यांस लोहाराच्या पट्ट्या, चालकाच्या खोलीस लाकडी दारे, आणि वर पत्रा किंवा ताडपत्री. कापसासाठी बाजू उंच लागत, कारण सुटा कापूस हौदा भरला तरी वजन भरत नाही. तुरीच्या वा ज्वारीच्या पोत्यांसाठी बाजू बेताच्या, परंतु तळ भक्कम लागे. एकाच कंपनीचे दोन सांगाडे एकाच दिवशी एकाच गावी आले, तरी वर्षभराने त्यांची रूपे निराळी दिसत. त्या निराळेपणात मालकाची हौस थोडी आणि मालाची गरज फार असे. आज ज्यास आपल्या आवडीप्रमाणे करून घेतलेली गाडी असे म्हणून मिरवितात, ती त्या काळी एकमेव उपलब्ध गाडी होती.

गाडी आली, पण रस्ता? मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्त्यांचा प्रश्न प्रथम अखिल देशाच्या दृष्टीने हाती घेतला. तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांचा निधी उभारण्यात आला. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही खेडे हमरस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे ध्येय पुढे ठेविले. कागदावरचे पाच मैल जमिनीवर उतरण्यास पुष्कळ काळ लागला. तोपर्यंत चिखलात रुतलेली मालमोटार बाहेर काढण्यासाठी शेजारच्या शेतातून बैलजोडी आणावी लागे.

याच सुमारास युद्ध पेटलेले होते. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारी उभ्या राहिल्या. तेव्हा देशभर कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्याची युक्ती पसरली. गाडीच्या मागे किंवा कडेस एक उभा पत्र्याचा भट्टीवजा नळकांडा बसवावयाचा. त्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा. निघालेला वायू थंड करून, गाळून इंजिनास पुरवावयाचा. इंजिनाची शक्ती पुष्कळ कमी होई, सकाळी गाडी सुरू करावयास चूल पेटविण्याइतका वेळ लागे, आणि तो वायू कोंडला तर प्राणघातक ठरे. तथापि गाड्या चालल्या. ही यंत्रे बसविणारे, त्यांची गळती बंद करणारे आणि गाळण्या साफ करणारे लोक बहुतेक पदवीधर नव्हते. ते आपल्या गावचे मिस्त्री आणि लोहारच होते.

युद्ध संपले आणि लष्कराच्या हजारो गाड्या सरकारने विकावयास काढल्या. जीप, डॉज, फोर्ड, शेवरोलेट अशा अमेरिकन बनावटीच्या या गाड्या लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. डिस्पोजलची गाडी हा शब्दच त्या दिवसांत रूढ झाला. या गाड्या भक्कम होत्या, परंतु रणांगणासाठी बांधलेल्या होत्या. त्यांस बाजाराचे रूप देण्याचे काम पुन्हा त्याच वाढयाकडे आणि त्याच मिस्त्रीकडे आले. दुसरीकडे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन करून कुर्ल्यास डॉज व फार्गो मालमोटारींचे काम आरंभिले. आणि १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी काढल्या. त्याच सुमारास केवळ जुळणीवर भागविणाऱ्या परदेशी कंपन्यांनी एकतर येथे उत्पादन करावे नाहीतर जावे, असे सरकारी धोरण ठरले, आणि जनरल मोटर्सने आपला शिवडीचा कारखाना बंद केला. इंजिन स्वदेशी झाले. परंतु सांगाडा घ्यावयाचा आणि अंग गावी बांधावयाचे, ही रीत या स्थित्यंतरातूनही टिकली.

महाराष्ट्रात याहून मोठे साहसही झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी केवळ अंग नव्हे, तर अख्खी मोटारच स्वतः रचावयाचे मनावर घेतले. १९४९ साली त्यांची पहिली दोन आसनी छोटी मोटार तयार झाली. पुढे मीरा या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीच्या त्यांनी एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या केल्या. वर्षांमागून वर्षे गेली. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, वाखाणली. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादनापर्यंत ती पोचली नाही. एक गाडी बांधावयास बुद्धी, हात आणि चिकाटी पुरते. हजार गाड्या बांधावयास भांडवल, परवाना आणि बाजार लागतो.

येथवर मी घरबांधणीच्या बाजूने बोललो. परंतु दुसरी बाजू न सांगणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. बंडी तासाला दोन-तीन मैल चालते. मालमोटार तीस मैल धावते. वेग दहापट झाला म्हणजे आघात दहापट होतो अशी आपली समजूत असते, परंतु तसे नाही. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती शंभरपट होते. वाढयाच्या हातास बंडीचा वेग पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. मोटारीचा वेग त्यास परका होता. सागवानाची खोली दिसावयास सुबक, उन्हात थंड, दुरुस्तीस स्वस्त. परंतु टक्कर झाली म्हणजे तिच्या चिरफळ्या होतात आणि त्या चालकाच्याच अंगात शिरतात. हौदा मालकाच्या मर्जीप्रमाणे उंच करता येतो, म्हणून माल वाजवीपेक्षा अधिक भरला जातो. आणि हौदा वाढला तरी ब्रेक वाढत नाहीत. ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगावयाचा, तिच्या हिशेबात ही बाजूही मांडली पाहिजे.

कायद्याने ती मांडली आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीतील बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले. १९८८ साली नवा कायदा झाला, आणि २००० सालच्या दुरुस्तीनंतर उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, असे सूत्र आले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. याचा व्यावहारिक अर्थ काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने दुचाकीचे इंजिन व इतर जुने भाग जमवून, आपल्या मुलाच्या हौसेखातर, सुमारे साठ हजार रुपयांत जीपसारखी एक छोटी चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे पायाने लाथ मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. परंतु ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या ती रस्त्यावरून हटविली जाईल, हेही त्यांनी स्पष्ट म्हटले, आणि तिच्या मोबदल्यात बोलेरो गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली. नावाचाच नव्हे तर व्यवसायाचाही लोहार असलेल्या त्या माणसास मान मिळाला, पण त्याची गाडी मात्र रस्त्यावर राहिली नाही. मला या घटनेत आपल्या शंभर वर्षांच्या गोष्टीचा सारांश दिसतो.

जुन्या गाड्यांस कायद्याने मुळीच आश्रय दिला नाही असे मात्र नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि क्रमांकात व्हीए ही विशेष अक्षरे, असा तो मान आहे. परंतु तो स्वतःच्या वापराच्या, व्यापारात नसलेल्या गाड्यांपुरता आहे; गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, अशी अट आहे; आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा प्रसंगांपुरतीच रस्त्यावर आणावयाची आहे. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकले पाहिजे. शिवडीहून निघालेल्या सांगाड्याचे मूळ स्वरूप कोणते? त्यास अंग नव्हतेच. वाढयाने बांधलेला हौदा हा फेरफार मानावयाचा, की तेच मूळ मानावयाचे? धनिकाची फिरावयाची मोटार कारखान्यातून जशी आली तशी जपली, म्हणजे ती वारसा ठरते. आणि वऱ्हाडच्या कापसावर ज्या मालमोटारीने आयुष्य वेचले, ती भाड्याने राबली म्हणून आणि तिचे अंग गावात घडले म्हणून, भंगाराच्या ढिगात जाते. कायद्याचा हेतू सुरक्षिततेचा आहे आणि तो योग्यच आहे; परंतु वारसा कशास म्हणावयाचे, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो आपल्या विवेकाने सोडवावयाचा आहे.

तेव्हा अंगणात सांगाडा उभा करणाऱ्या त्या तरुणास मी काय सांगावे? मी त्यास परावृत्त करणार नाही. एवढेच सांगेन की, जुन्या वाढयाचा क्रम सोडू नये. तो आधी आख व चाके पाही, मग साटा जोडी, आणि रंगाचा विचार सर्वांच्या शेवटी करी. पैसा थोडा असेल तर तो प्रथम कागदपत्रांवर, मग सांगाड्याच्या गंजावर, मग ब्रेक आणि सुकाणू यांवर, त्यानंतर इंजिनावर, आणि उरलाच तर पत्र्यावर व रंगावर खर्चावा. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा होतो; रंग चकाकतो आणि ब्रेक लागत नाही. दुसरे असे की, मूळ इंजिन दुरुस्त होत असता दुसरे बसवू नये. नोंदीतील क्रमांकाशी गाडी जुळत नसेल तर सर्व कष्ट फुकट जातात. आणि तिसरे, सुट्या भागांसाठी दूरचे बाजार धुंडाळण्यापूर्वी आपल्या गावच्या वृद्ध मिस्त्रीस एकदा अंगणात आणून बसवावे. त्याच्या मजुरीपेक्षा त्याची आठवण अधिक मोलाची आहे, आणि ती कोठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड काम करून १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ज्या वाटेने एके काळी कापसाच्या बंड्यांची रांग रात्रभर घुंगरे वाजवीत चाले, तीच ही वाट. आज तीवरून कारखान्यात घडलेल्या पिकअप गाड्या बाजार समितीकडे धावतात. त्यांच्या हौद्यावर कोणाही वाढयाचा हात फिरलेला नाही. त्या अधिक सुरक्षित आहेत, अधिक वेगवान आहेत, आणि आपण त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आपल्या घराण्यात कोणाची मालमोटार असेल, तर तिचे जुने नोंदणीपुस्तक, तिचे एखादे छायाचित्र, आणि तिचा हौदा ज्याने बांधला त्या कारागिराचे नाव, एवढे तरी आज संध्याकाळी घरातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. इंजिनावर कंपनीचे नाव ओतलेले असते. ते पुसले जात नाही. हौदा बांधणाऱ्याचे नाव मात्र कोठेही कोरलेले नाही, आणि ज्यांस ते ठाऊक आहे अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत.